गुंतवळ

आमच्या व्हॅक्युम क्लीनरचा रोलर काढायला एक रुपयाचं नाणं लागतं. मशीनचं तोंड उताणं करायचं, कडेच्या खाचेत नाणं बसवायचं आणि पाव फेरा उलटा फिरवायचा. टक् असा आवाज येतो, टोकाचं झाकण सुटतं आणि रोलर आडवा सरकत बाहेर येतो. माहितीपुस्तिकेतल्या चित्रात हे काम एक बाई करते आहे, आणि ती हसते आहे. आमच्या घरात ते मी करतो.

अडचण नाण्याची आहे. भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे फोनवर पैसे घ्यायला लागल्यापासून घरात नाणं म्हणून शिल्लक नाही. दहाचं एक सापडलं, पण ते खाचेच्या मानाने मोठं पडलं. शेवटी कुणाच्या तरी मुंजीत आलेल्या आहेराच्या पाकिटावर चिकटवलेला रुपया मी नखाने सोडवून घेतला. तो आता टीव्हीखालच्या खणात असतो. आईला वाटतं देवाचा आहे, म्हणून तिने एकदा त्याला कुंकू लावलं होतं.

मशीन मुलीने घेतलं. बंगळूरहून सुट्टीला आली, दोन दिवस घरातली धूळ बघून शिंकली आणि तिसऱ्या दिवशी खोकं दारात. कोथरूडमधली आमची सोसायटी जुनी. डाव्या हाताची इमारत पुनर्विकासाला गेली, ती झाली तोवर उजव्या हाताची पाडायला घेतली. सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटाने सही करता येते. त्यामुळे मशीनला कुणी विरोध केला नाही. कामाच्या मावशींनी मात्र ते चालू असताना एकदा लांबून बघितलं आणि म्हणाल्या, "कोपऱ्यातलं राहतंय की." ते खरंच राहत होतं.

आता एक गोष्ट सरळ कबूल करतो. लग्नाला एकतीस वर्षं झाली आणि त्या काळात मी केर काढल्याचे प्रसंग एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. त्यातलेही दोन, बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती तेव्हाचे. पण मशीन आलं आणि दुसऱ्या दिवसापासून ते माझं झालं. कुणी सांगितलं नाही, मी मागितलं नाही. त्याला बॅटरी होती, तीन वेगांची बटणं होती, फिल्टर होता. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "मोटर लावली की कामाची जात बदलते का हो?" मी मशीन चालू केलं. त्याच्या आवाजात पुढचं ऐकू आलं नाही, हा त्याचा आणखी एक फायदा.

तिचं म्हणणं खोटं नव्हतं, हे दसऱ्याला कळलं. खंडेनवमीला मी स्कूटर, ड्रिल मशीन आणि लॅपटॉपबरोबर व्हॅक्युम क्लीनरही पुसून ठेवला आणि त्याला झेंडूचं फूल वाहिलं. केरसुणीची पूजा लक्ष्मीपूजनाला झाली, नेहमीसारखी. शिंदीच्या पानांची नवी केरसुणी, तिच्यावर हळदकुंकू. काम तेच करणाऱ्या दोन वस्तू, एक शस्त्रांत गेली आणि एक लक्ष्मीत. आईने विचारलं, "याला नाही लावायचं कुंकू?" बायको म्हणाली, "त्याची पूजा झाली दसऱ्याला, मर्दांबरोबर."

रोलर ही या यंत्रातली सर्वांत साधी आणि सर्वांत शहाणी गोष्ट आहे. लाटण्याहून थोडी जाड दांडी, तिच्यावर ताठ केसांच्या ओळी. या ओळी सरळ नसतात, दोन्ही टोकांकडून नागमोडी येऊन मध्ये मिळतात. फिरताना कचरा दोन्ही बाजूंनी मध्याकडे ढकलला जातो आणि तिथे ओढून घेणारं तोंड असतं. एका टोकाला सहा कोनी खाच असते, ती मोटरकडून येणाऱ्या दांड्यात बसते. दुसऱ्या टोकाला बेअरिंग आणि त्यावर टोपी. बस्स.

हा फिरता ब्रश मुळात गालिच्यांसाठी आहे. लंडनच्या ह्यूबर्ट सेसिल बूथने 1901 साली धूळ ओढून घेणारं यंत्र केलं खरं, पण ते एवढं अवजड की घोडागाडीवरून न्यावं लागे. गाडी रस्त्यावर उभी करून खिडक्यांतून नळ्या आत सोडत. त्यात नुसती ओढ होती. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कँटन गावी एका दुकानात झाडलोट करणारा जेम्स मरी स्पँग्लर नावाचा माणूस होता. त्याला दमा. गालिचे झाडताना उडणारी धूळ त्याच्या छातीत जाई. 1907 मध्ये त्याने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून स्वतःपुरतं एक यंत्र केलं, आणि त्यात ओढीबरोबर फिरता ब्रशही घातला. पुढच्या वर्षी त्याचं पेटंट मिळालं. हक्क त्याने विल्यम हूव्हर या चामड्याच्या वस्तूंच्या कारखानदाराला विकले, आणि इंग्लंडमध्ये पुढे घर झाडण्याच्या क्रियापदालाच हूव्हरचं नाव लागलं. स्पँग्लरचं लागलं नाही. हातात झाडू असलेल्या माणसाने स्वतःच्या खोकल्यावर काढलेला उपाय म्हणून मला हे यंत्र जवळचं वाटतं. उशीचा अभ्रा तर फारच. मुलगी लहान असताना तिच्या सायकलच्या घंटीपासून पाण्याच्या मोटरपर्यंत मी जे जे दुरुस्त केलं, त्यात घरातला एखादा अभ्रा कायम कामी आलेला आहे.

आमच्याकडे गालिचा नाही. लहानपणी सदाशिव पेठेतल्या वाड्यात सतरंजी होती, ती दिवाळीआधी गच्चीच्या कठड्यावर टाकून काठीने झोडपायची. रोलर मिनिटाला हजारो फेरे घेत तेच करतो. इथे त्याला झोडपायला काही नाही. गुळगुळीत फरशीवरून तो फिरतो आणि जे लांब आणि लवचीक असेल ते स्वतःभोवती गुंडाळून घेतो. कपड्याचा दोरा, राखीचा धागा, आणि केस. मुख्यतः केस.

माझे नाहीत. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा गंमत वाटली. रोलरचा घेर अंदाजे पंधरा सेंटिमीटर. त्याहून आखूड केसाला गुंडाळायला पुरेशी लांबीच नसते, तो थेट डब्यात जातो. म्हणजे घरातल्या चार माणसांपैकी (मुलगी सुट्टीपुरती) रोलरवर फक्त तिघींची नोंद. आईचे पांढरे, कोळिष्टकासारखे. मुलीचे टोकाला तांबूस रंगवलेले, तेही ती येऊन गेल्यानंतरच्या पंधरवड्यात. बाकी सगळे काळेभोर आणि मध्येच एखादा रुपेरी, हे बायकोचे. तिचे केस कमरेपर्यंत. सांगून येणाऱ्यांनी तिच्यात पाहण्यासारखं काय ते तेच, असं आमच्या लग्नाच्या वेळी माझी एक मावशी म्हणाली होती. ती वाक्यं विसरण्यासाठी लक्षात ठेवायची असतात.

माणसाचे रोज पन्नास ते शंभर केस गळतात, आणि ते स्वाभाविक असतं. सत्तर धरले आणि एकेक दोन फुटांचा, तर महिन्याला सव्वा किलोमीटर केस होतात. निवृत्त बँकवाल्याला असले हिशेब केल्याशिवाय झोप येत नाही.

सफाईची माझी पद्धत अशी. रोलरवर टोकापासून टोकापर्यंत एक उथळ खाच ठेवलेली असते, ती कात्रीसाठी. तिच्यात कात्रीचं एक पातं घालून सरळ कापत जायचं. गुंडाळा फाटतो आणि खालून ओळीच्या ओळी सुटतात. ओढायचं नाही, ओढलं की ब्रशचे केसही उपटून येतात. मग टोकाची टोपी. तिच्याखाली शिरलेले केस कात्रीने निघत नाहीत, त्यांना आकडा लागतो. अंबाड्याला लावतात तोच. केस बांधायची वस्तू केस सोडवायला वापरताना मला दर वेळी चोरी केल्यासारखं वाटतं, कारण आकडा मी बायकोच्या डबीतून घेतलेला असतो आणि वाकडा करून परत ठेवलेला असतो. रोलर धुता येतो असं पुस्तिका सांगते: थंड पाणी, साबण नाही, मग चोवीस तास उभा वाळवायचा. हे चोवीस तास पुस्तिका लिहिणाऱ्याच्या गावचे. पुण्यात आषाढात धुवा, तिसऱ्या दिवशी त्याला टॉवेलचा कुबट वास येतो आणि मशीन चालवलं की तो वास घरभर समान वाटला जातो. पावसाळ्यात मी फक्त कोरडा झाडतो.

हातात जो गोळा येतो, त्याला मराठीत नेमका शब्द आहे. गुंतवळ. विंचरताना निघालेल्या, एकमेकांत अडकलेल्या केसांचा पुंजका. वाड्यात आजी दुपारी जेवणं झाल्यावर ओसरीवर विंचरायला बसे. आधी कंगवा, मग फणी. फणीत आलेले केस बोटाभोवती गुंडाळून त्याचं छोटं वेटोळं करी, त्यावर तीनदा थू थू करी आणि कोनाड्यात खोचून ठेवी. बाहेर टाकायचे नाहीत. कुणाच्या पायाखाली येतात, कुणी करणी करतं. कोनाडा भरला की आठ-पंधरा दिवसांनी गल्लीत हाक यायची, "केसावर फुगेऽऽय!" आम्ही पोरं धावत जाऊन आजीचा, आईचा, वाड्यातल्या सगळ्या काकवांचा गुंतवळ त्या बाईच्या झोळीत टाकायचो आणि एकेक फुगा घेऊन यायचो. मोठ्या बायका सुया, टाचण्या घ्यायच्या. त्या केसांचं पुढे काय होतं विचारल्यावर आजी म्हणाली होती, "गंगावनं करतात." ज्यांचे केस विरळ, त्या ते वेणीत घालून मिरवायच्या. म्हणजे आमच्या वाड्यातल्या बायकांचे केस पुण्यात कुठे कुठे, कुणाकुणाच्या पाठीवर फिरत असतील, याचा विचार करत मी फुगा फोडत असे.

मोठा झाल्यावर गुंतवळ माझ्या हाताला लागला नाही. आईचा नाही, बायकोचा नाही. पुरुषाच्या हाताला तो लागू नये अशीच घराची रचना असते. न्हाणीघरातल्या जाळीवरचा बायको काढते, केरसुणीत अडकलेला मावशी काढतात. मशीनने तो थेट माझ्या मांडीवर आणून टाकला.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आठवड्यात मशीन थांबायला लागलं. हॉलच्या मध्यावर आलं की रोलर बंद, तांबडा दिवा लुकलुकायला लागायचा. मोटरवर भार आला की ती जळू नये म्हणून तसं होतं. मी रोलर साफ केला. चार दिवसांनी पुन्हा. मग पुन्हा. एरवी महिन्यातून एकदा करायचं काम आठवड्यातून दोनदा. मला खात्री झाली की मोटर गेली. वॉरंटीही गेली होती, म्हणजे मोटर जायचा मुहूर्त बरोबर होता.

सर्व्हिस सेंटर नदीपलीकडे. टोकन, काचेआडून एक मुलगी, मशीन आतल्या खोलीत. वीस मिनिटांनी तिने बाहेर येऊन सांगितलं, "सर, पूर्ण हेड बदलावं लागेल." आकडा ऐकून मी मशीन काखोटीला मारलं. त्यांनी टोपी काढून बघितली होती का, असं विचारल्यावर ती म्हणाली की टेक्निशियनने चेक केलंय. हा 'चेक' म्हणजे काय ते मला अजून कळायचं आहे.

मग तपकीर गल्ली. बुधवार पेठेतल्या त्या बोळात विजेचं काय मिळत नाही असं नाही. गाडी लावायला जागा मात्र मिळत नाही, म्हणून रिक्षाने गेलो, मांडीवर मशीन घेऊन, आजारी पोर न्यावं तसा. एका जिन्याखालच्या टपरीवजा दुकानात तिशीतला एक मुलगा मिक्सर उघडून बसला होता. त्याने माझं म्हणणं ऐकून घेतलं नाही, हे मला आवडलं. रोलर काढला, एका बोटाने फिरवला, टोपीला स्क्रूड्रायव्हरचं टोक लावून ती उडवली. माझ्या आकड्याने ती कधी पूर्ण निघालीच नव्हती. खाली बेअरिंगभोवती केसांचं कडं झालं होतं, इतकं घट्ट, इतकं गुळगुळीत की ते प्लॅस्टिकचा भाग असावं असं वाटे. ब्लेडने त्याने ते कापलं आणि काउंटरवर ठेवलं. काळं, लकाकणारं, अंगठीएवढं.

"मोटर ओके आहे काका. केस आहेत नुसते." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "घरात बाळ झालंय का नवीन?"

मी अठ्ठावन्न वर्षांचा. मला वाटलं, चेष्टा करतोय.

"नाही, म्हणजे सून वगैरे? डिलिव्हरीनंतर दोन-तीन महिन्यांनी बायकांचे केस लय गळतात. आमच्या घरात झालं ना. माझ्याकडे अशी मशीन येतात, मी विचारतो, बरोबर निघतं."

"बाळ नाही."

"मग मोठा ताप येऊन गेला असेल कुणाला."

मी बेअरिंगला शिवणयंत्राचं तेल घालू का, असं काहीतरी विचारलं. तो म्हणाला, अजिबात नको, तेलावर धूळ बसते आणि चिखल होतो. शंभर रुपये घेतले. त्यातले पन्नास त्याने त्या प्रश्नाचे लावले असते तरी मी दिले असते.

परतीच्या रिक्षात मी महिने मोजले. बायकोला डेंग्यू झाला तो श्रावणात. शेजारच्या अर्धवट बांधकामावर पाणी साठलेलं, सोसायटीत सहा जण आजारी. तिला पाच दिवस ताप, मग प्लेटलेट्स खाली, तीन रात्री हॉस्पिटल. त्या दिवसांत मी कागदावर तारखा आणि आकडे लिहून ठेवत होतो. प्लेटलेट्स दीड लाखावर गेल्या त्या दिवशी मी वही बंद केली. ती बरी झाली, गणपतीला तिने मोदक केले, विषय संपला. माझ्यापुरता.

डोक्यावरच्या केसांतले बहुतेक वाढीच्या अवस्थेत असतात, दहातला एखादा विश्रांतीत. मोठा ताप, बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया झाली की शरीर त्यातल्या बऱ्याच केसांना एकदम विश्रांतीला पाठवतं. ते लगेच गळत नाहीत. तिथेच बसून राहतात, दोन-तीन महिने, आणि मग सगळे एकदम सुटतात. तोवर ताप कुणाच्या लक्षातही नसतो. रोज शंभरच्या जागी दोनशे, तीनशे. हे सगळं मी त्या रात्री वाचलं. हिशेब जुळत होता. श्रावण ते कार्तिक.

मग बाकीच्या गोष्टी आठवायला लागल्या, ज्या मी बघितल्या होत्या आणि बघितल्या नव्हत्या. ती महिनाभर वेणी घालत नव्हती, छोटा अंबाडा घालत होती. उशीवर गडद रंगाचा अभ्रा आला होता. दिवाळीला मुलीने फोटो काढताना ती दोनदा म्हणाली, "लांबून काढ."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना मी म्हटलं, "अगं, तुझे केस गळतायत का?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "कुणी सांगितलं?"

"तपकीर गल्लीत."

ती एवढी हसली की चहा सांडला. आई आतून विचारत होती काय झालं म्हणून. हसून झाल्यावर तिने सांगितलं. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, न्हाल्यावर मूठभर केस हातात आले. ती घाबरली. मला सांगितलं नाही, कारण, "तुम्ही वही काढली असतीत." एकटीच रिक्षा करून त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी रक्त तपासलं, लोह कमी निघालं, गोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, तापाने गेलेले येतात परत, सहा-आठ महिने धीर धरा. ती धीर धरत होती. विंचरलेले केस कागदाच्या पुडीत बांधून सुक्या कचऱ्यात टाकत होती, माझ्या नजरेला पडू नयेत म्हणून. पण घरभर पडतात त्यांचं ती काय करणार. ते मशीन गोळा करत होतं आणि मी दर चार दिवसांनी कात्रीने कापून, वर मशीनलाच शिव्या घालत होतो. तिने त्या शिव्या स्वयंपाकघरातून ऐकल्या होत्या.

"मला वाटायचं, आता विचारतील," ती म्हणाली. "तुम्ही मोटरवरच अडून बसलात."

त्यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. मी आकडे वाकडे करतो ते सांगून टाकलं. तिला तेही माहीत होतं. उठून तिने शिवणाच्या डब्यातून उसवणीचं छोटं हत्यार आणून दिलं, पुढे दुबेळकं टोक आणि मध्ये धार असलेलं. टाक्याखाली घालून पुढे सरकवलं की दोरा तुटतो, खालचं कापड शाबूत. कात्रीहून ते कितीतरी सरस निघालं. माझ्या तीन वर्षांच्या पद्धतीवर तिने एका मिनिटात मात केली, आणि ते हत्यार तीस वर्षं घरातच होतं.

आता मी दर रविवारी रोलर काढतो, टोपीसकट. संक्रांतीपर्यंत दर वेळी भरपूर निघत होतं, माघात कमी झालं. नवे केस येतायत, भांगाशी, कपाळावर, बोटभर, ताठ उभे. ते सध्या तरी रोलरवर यायचे नाहीत. आखूड आहेत, माझ्यासारखे थेट डब्यात जातील. म्हणजे चांगली बातमी हे यंत्र मला देणार नाही. त्यासाठी तिच्याकडे बघावं लागतं. ते मी करतो. तिला ते अतीच वाटायला लागलंय.

परवा रविवारी दुपारी मी बाल्कनीत वर्तमानपत्र पसरून रोलर घेऊन बसलो होतो. ती शेजारी उन्हात विंचरत होती. झाल्यावर तिने कंगव्यातले केस काढले, बोटाभोवती गुंडाळले, वेटोळं केलं आणि माझ्यापुढे धरलं. "घ्या. नंतर तुमच्या मशीनमध्ये जाऊन अडकायचं ते आधीच घ्या."

मी हात पुढे केला. काहीच वजन नव्हतं त्याला. ती कंगवा झटकून आत गेली. मी ते घेऊन इकडेतिकडे बघत होतो, कुठे ठेवावं म्हणून. फ्लॅटला कोनाडे नसतात. शेवटी शर्टाच्या खिशात ठेवलं आणि चहा टाकायला उठलो.